कवळाण्याचा राजा, अमरेलीची शाळा

खान्देशाच्या जुन्या नकाशावर मोठं संस्थान शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. कोल्हापूरसारखी गादी नाही, सांगली-मिरजेसारखे राजवाडे नाहीत. सातपुड्यातल्या काठीसारख्या मेवासी, म्हणजे डोंगरी सरदारांच्या, जहागिऱ्या आणि डांगातले भिल्ल राजे सोडले, तर १८१८ नंतर तापीच्या दोन्ही तीरांवर कंपनी सरकारच. तरीही हिंदुस्थानातल्या दोन बड्या गाद्यांची मुळं या मातीत आहेत. इंदूरच्या होळकर दौलतीचा मूळ पुरुष मल्हारराव तळोद्यात मामाकडे वाढला. बडोद्याचा सगळ्यात नावाजलेला महाराजा सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्यात, एका शेतकरी घरात जन्मला.

जयंतीच्या भाषणांत हे फार अभिमानानं सांगतात. अभिमान असायला हरकत नाही. पण हे राजे गेल्यावर मागं नेमकं काय उरलं, ते का टिकलं आणि कुठं थांबलं, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. तो मांडायचा तर तलवारी आणि राजवाडे बाजूला ठेवून कागद बघावे लागतात. सनदा, तहनामे, दत्तकाचे कागद, करारनामे. आणि त्या कागदांवरच्या हद्दी.

मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा. वडील खंडुजी लवकर वारले आणि आईनं पोराला घेऊन माहेरची वाट धरली. तिचा भाऊ भोजराज बारगळ सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याला होता. खान्देशात तेव्हा कदमबांडे सरदारांचा वावर मोठा होता आणि मल्हाररावांची सुरुवातीची चाकरी त्यांच्याच स्वारांत झाली. होळकरांचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं निशाण मुळात बांड्यांचं, असं परंपरा सांगते.

त्या काळच्या घोडदळाचं अर्थकारण कळल्याशिवाय या माणसाची झेप कळत नाही. बारगीर म्हणजे ज्याच्या मांडीखालचं घोडं धन्याचं. घोडं पडलं तर नुकसान धन्याचं, पण लुटीतला मोठा वाटा आणि मानही धन्याचाच. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याचा पगार जास्त, शब्दाला वजन जास्त. पण ऐन लढाईत घोडं मेलं की तो एका दुपारीत पायदळ. त्यामुळं वर चढायचं असेल तर एका घोड्याची दोन, दोनाची दहा करावी लागत आणि त्यासाठी मागं दाणावैरणीची, माणसांची आणि नात्याची जमवाजमव लागे. मल्हाररावांना ती मामाच्या घरी मिळाली. भोजराजांनी आपली मुलगी गौतमाबाई भाच्याला दिली. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं मामाची मुलगी करायची, यात नवल काही नाही. पण पुढं दौलतीचा सगळ्यात टिकाऊ कागद निघाला तो या तळोद्याच्या लेकीच्या नावानं.

१७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगीची सनद मिळाली. उत्पन्न साधारण तीन लाखांचं. दौलतीचा महसूल वेगळा, खासगीचा वेगळा. दौलतीतून फौज पोसायची, पेशव्यांचा भरणा करायचा, कर्ज फेडायचं. त्या पैशाला नेहमीच दहा वाटा. खासगीवर हक्क घरच्या बाईचा, त्याचा जाब पुण्याला द्यायचा नाही. गौतमाबाईंनंतर ही खासगी सून अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाचं देऊळ, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, जी कामं आज देशभर त्यांच्या नावानं ओळखली जातात, त्यांच्या मागं हे वेगळं खातं होतं. अहिल्याबाईंचं मन मोठं होतं हे खरंच. पण त्या काळी मन मोठं असलेले सरदार इतरही होते, आणि त्यांची दानं पुढच्या मोहिमेच्या खर्चात विरघळून गेली. खातं वेगळं नसेल तर पहिल्या तंगीत धर्मादायालाच कात्री लागते. हे त्या काळी जितकं खरं होतं तितकं आजच्या ग्रामपंचायतीतही आहे.

तळोदा मात्र होळकरांच्या हातून पुढं गेलं ते एका कलमानं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली. आदल्या रात्री होळकरांच्याच लष्करात कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून झाला होता आणि गादीवरचे दुसरे मल्हारराव तेव्हा अकरा-बारा वर्षांचे पोर होते. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. त्यात होळकरांनी सातपुड्यातला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख, सेंधव्याच्या किल्ल्यासकट, कंपनीला तोडून दिला. खान्देशातली होळकरांची सगळी ठाणी एका सहीनं परकी झाली.

कागदावर झालेलं गावोगाव पोचायला वेळ लागतो. त्याची किंमत थाळनेरनं दिली. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं जुनं गाव, एकेकाळची फारुकी राजांची राजधानी. त्यांची थडगी आजही तिथं आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन गढीसमोर आला. त्याच्यापाशी तहाचा आधार होता. किल्लेदार तुळशीराम मामा गढी सोडेना. बंड केलंस तर बंडखोराची शिक्षा मिळेल, असा निरोप त्याला गेला. तोफा डागल्या गेल्या, दिवस कलता कलता बोलणी सुरू झाली, आणि इंग्रज अधिकारी व काही शिपाई एकामागून एक दरवाजे ओलांडत शेवटच्या दरवाजाच्या दिंडीपर्यंत आले. दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, एका वेळी एकच माणूस वाकून आत जाईल एवढं. ते उघडलं गेलं आणि काही जण आत शिरले. आतली शिबंदी, म्हणजे गढीची फौज, निःशस्त्र झालेली नव्हती. कोण कुणाला शरण येतंय, कोणत्या अटींवर, हे दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या भाषेत कळत नव्हतं. क्षणात हत्यारं चालली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर दिंडीच्या आत मारले गेले. मागची फौज घुसली आणि गढीतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिली.

या फाशीबद्दल विलायतेतही प्रश्न विचारले गेले. धन्यानं तहात मुलूख दिला, पण किल्लेदाराच्या हाती धन्याचा स्पष्ट हुकूम पडला होता का? पडला नसेल तर तो बंडखोर की इमानदार? तहात ज्याचं नाव येत नाही त्याच्या मानेवर तह कसा येऊन पडतो, हे थाळनेरइतकं स्वच्छ कुठं दिसत नाही. आपल्याकडं मात्र इंदूरच्या वैभवाचे गोडवे गाणारे तुळशीरामाचं नाव घेत नाहीत.

आता कवळाणं. गायकवाड घराण्याचे पिलाजी १७१९ च्या सुमारास सोनगडावर बसले. हा सोनगड नवापूरला लागून, आजच्या गुजरातेत. बडोदं हातात पक्कं येण्याआधीची त्यांची राजधानी तीच. पिलाजींचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला. त्यांच्या मुलांपैकी दामाजीची शाखा बडोद्याला राज्य करू लागली आणि प्रतापरावाची शाखा कवळाण्यात शेती करू लागली. दीडशे वर्षं दोन्ही शाखांमध्ये आडनावापलीकडं फारसं काही सामायिक उरलं नव्हतं.

मग बडोद्यात एकापाठोपाठ एक गोष्टी घडल्या. खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले. विधवा जमनाबाई गरोदर होत्या; मुलगा झाला असता तर सगळाच इतिहास वेगळा. मुलगी झाली. गादी भाऊ मल्हाररावांकडे गेली. (होळकर मल्हारराव वेगळे, हे गायकवाड.) या मल्हाररावांनी सोन्याच्या दोन तोफा ओतून घेतल्या आणि राज्याचा हिशेब पार विस्कटून टाकला. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याच्या पपनसाच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडली. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही, इंग्रजांना दिसला. मत तीन विरुद्ध तीन. सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावर एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासेला पाठवलं.

इथं कागदाचं महत्त्व पुन्हा दिसतं. वीस-पंचवीस वर्षं आधी हे घडलं असतं तर बडोदं खालसा होण्याची भीती खरी होती. औरस वारस नाही या एका कारणावर १८४८ मध्ये सातारा गेला, त्यानंतर झाशी, नागपूर. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारनं धोरण बदललं आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यामुळं जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच की मुलगा घराण्यातला हवा. मग वंशावळी काढल्या गेल्या, कवळाण्याची शाखा औरस वंशातली आहे की नाही याची चौकशी झाली, आणि काशीराव गायकवाडांच्या घरची मुलं बडोद्याला नेली गेली. कशाला आलात, असं विचारल्यावर मधल्या गोपाळनं काय उत्तर दिलं ते कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात आजही अहिराणीत रंगवून सांगतात: ‘राज कराले उनू’, म्हणजे राज्य करायला आलो. घडलं असेल नसेल. निवड करणाऱ्यांना चुणचुणीत आणि वयानं घडवता येण्यासारखा मुलगा हवा होता, आणि बारा वर्षांचा गोपाळ त्यात बसत होता. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

एक बारकावा. सयाजीराव १८६३ मध्ये जन्मले तेव्हा मालेगाव तालुका खान्देश जिल्ह्यात होता. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्यानं झाला, त्यात मालेगाव, बागलाण आणि नांदगाव गेले. म्हणून चरित्रांत कुठं खान्देश तर कुठं नाशिक लिहिलेलं सापडतं, आणि त्यावरून वाद घालणारेही सापडतात. दोन्ही बरोबर आहे.

गादीवर बसलेल्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. एलियट नावाच्या सनदी अधिकाऱ्याला शिक्षक नेमलं. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू एकदमच सुरू झालं. भाऊबंद आणि सरदारांची मुलं सोबतीला बसवली होती. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. त्यांचा रोख भारदस्त तत्त्वांवर कमी आणि रोजच्या कामकाजावर जास्त: कोणता निर्णय कोणाकडे सोडावा, तोंडी हुकूम का देऊ नये, खुशामत कशी ओळखावी, खर्चाचं अंदाजपत्रक आधी का हवं. २८ डिसेंबर १८८१ ला पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा राजा अठरा वर्षांचा होता. बडोद्याचा जो कारभार आपण आज वाखाणतो त्याची शिस्त या सहा वर्षांत रुजली. सयाजीरावांचं सगळ्यात खरं कौतुक मला यात वाटतं की त्यांनी ती शिस्त पुढं सत्तावन्न वर्षं स्वतःलाही लावून घेतली. हुकूम लेखी, छापील, ‘आज्ञापत्रिके’त जाहीर. महाराज परदेशात असले तरी टपाल मागोमाग फिरत असे. परदेशवाऱ्या मात्र त्यांच्या प्रजेला फार वाटत, आणि ती तक्रार अगदीच गैर नव्हती.

सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट सगळे एका वाक्यात संपवतात: हिंदुस्थानात पहिल्यांदा बडोद्यानं केलं. ते कसं केलं यात खरी गंमत आहे. सबंध राज्यात एकदम हुकूम काढला असता तर पहिल्या आठवड्यात फजिती झाली असती, कारण मुलं आली तरी बसायला जागा नाही आणि शिकवायला मास्तर नाहीत. म्हणून १८९३ मध्ये काठेवाडातल्या अमरेलीत आणि आसपासच्या मोजक्या गावांत प्रयोग सुरू झाला. सात ते बारा वर्षांचे मुलगे, सात ते दहा वर्षांच्या मुली. आधी शाळा उघडायची, मास्तर नेमायचा, मग मुलांची यादी करायची, मग पालकाला नोटीस, तरी मूल आलं नाही तर दंड. हा क्रम उलटा झाला की कायदा चेष्टेचा विषय होतो. अमरेलीचा अनुभव तेरा वर्षं घेऊन १९०६ मध्ये कायदा सबंध राज्याला लावला.

सवलतीही होत्या. मूल आजारी असेल, घरात कमावणारं दुसरं कुणी नसेल, शाळा मैलापेक्षा लांब असेल तर सक्ती नाही. सवलत ठेवली की तिचा गैरफायदा येतोच, पण न ठेवावी तर गरिबाच्या घरावर दंड बसतो. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत शाळा रिकामी पडते, हे कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दंड बसला की बाप मुलाचं नाव पटावर घालतो, हजेरी लागेल एवढे दिवस पाठवतो आणि मग शेताला लावतो. हे कायद्यानं पूर्ण सुटलं नाही. ते आजही सुटलेलं नाही. मधल्या काळात छप्पनचा दुष्काळ आला, संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा. १८९१ मध्ये बडोदं राज्याची लोकसंख्या २४ लाख १५ हजारांच्या घरात होती, १९०१ मध्ये ती १९ लाख ५२ हजारांवर आली. एवढी माणसं गेली, परागंदा झाली, आणि तरी पाच-सहा वर्षांत सक्तीचा कायदा सबंध राज्यात आणला, हे धाडस थोडं अविचाराचंही म्हणता येईल. मला ते योग्य वाटतं. दुष्काळ संपायची वाट पाहत बसलं तर आपल्या मुलखात कुठलंच काम सुरू होणार नाही.

मग एक अडचण पुढं आली, जी शाळा काढणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मूल चार-पाच इयत्ता शिकतं, शेतीला लागतं, आणि हाताशी वाचायला काही नसेल तर काही वर्षांत अक्षरं विसरतं. शाळेवर केलेला खर्च पाण्यात. यावरचा उपाय म्हणून वाचनालयं आली. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. त्यानं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, पुस्तकांची वर्गवारी बसवली आणि ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग सुरू केला. महाराजांचा स्वतःचा संग्रह त्यात गेला. ग्रंथालयाच्या मांडण्या पोलादी आहेत आणि मजल्यांच्या लाद्या जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो आणि दिवा-आगीचा धोका कमी.

गावाच्या वाचनालयाला पैसा देण्याची पद्धत मात्र त्याहून हुशारीची. गावानं वर्षाला जेवढी वर्गणी जमवावी, तेवढेच पैसे प्रांत पंचायतीनं आणि तेवढेच सरकारनं द्यायचे. मर्यादा खेड्याला १०० रुपये, कसब्याला ३००, प्रांताच्या ठिकाणी ७००. म्हणजे गावानं शंभर काढले तर तिनशे हाती येतात, आणि काहीच काढलं नाही तर काहीच येत नाही. नुसतं सरकारी वाचनालय असतं तर त्याला लवकरच कुलूप लागलं असतं. गावाचा तिसरा हिस्सा अडकला असल्यानं गाव हिशेब मागायला येतं. जिथं तेवढीही ऐपत नाही तिथं फिरत्या पेट्या. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं, काही महिन्यांनी ती परत जायची आणि दुसरी यायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. खोडे कुठं पडले असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल: पेटी येते, ज्याच्या ओट्यावर ठेवली त्याच्या घरचेच वाचतात. पोथ्या आधी संपतात, शेतीची पुस्तकं तशीच राहतात. पण महिन्यांची मुदत ठरलेली असल्यानं पेटी परत मागवली जाते, आणि गहाळ पुस्तक तेव्हाच उघडं पडतं.

खान्देशाच्या वेशीवर या कारभाराचा एक धागा येऊन पोचला होता. सोनगडला १८८५ मध्ये धाणका आणि इतर आदिवासी मुलांसाठी वसतिगृह उघडलं. राहणं, जेवण, शिक्षण सरकारकडून. रानातली वस्ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली, प्रत्येक पाड्यावर शाळा काढणं कुठल्याच राज्याला झेपत नाही, आणि मैलाच्या सवलतीनं ही मुलं कायद्यातूनही सुटतात. मग मुलाला शाळेजवळ आणून ठेवणं एवढाच मार्ग उरतो. आपल्या आश्रमशाळांची कल्पना याहून फार वेगळी नाही. सोनगडापासून नवापूर हाकेच्या अंतरावर. तिकडं गावीत-वसावे, इकडं गावीत-वसावे, सोयरिकी एकमेकांत. १९०० मध्ये सुरत-अमळनेर रेल्वे सुरू झाली, ती व्यारा-सोनगडवरून गायकवाडी मुलखातून येते आणि नवापुरात इंग्रजी हद्दीत शिरते. माणसं आणि माल हद्द ओलांडत होते. वसतिगृहाचा नियम हद्दीवर थांबत होता.

अस्पृश्यांसाठीच्या शाळा तर कारभार हाती आल्यावर लगेच निघाल्या. तिथं अडचण मास्तरांची झाली. सवर्ण हिंदू मास्तर जाईनात, म्हणून मुसलमान मास्तर नेमले, पुढं आर्यसमाजी कार्यकर्ते आणले. हुकूम काढणं सोपं, तो बजावायला माणूस मिळणं कठीण. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं आहे. ४ जून १९१३ चा करारनामा: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिक्षण संपल्यावर बडोद्याची दहा वर्षं नोकरी. याला ‘दानत’ म्हणण्याची आपल्याकडं फार सवय आहे. तो करार होता आणि करार होता म्हणूनच त्याला मोल आहे. दान मागायला हात पसरावा लागतो, करारावर दोन्ही बाजू सही करतात. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर रुजू झाले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही अकराव्या दिवशी लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. राजा पुरोगामी, कागद पक्का, पगार ठरलेला. आणि राजधानीतलं एक दार उघडेना. नोकरी सुटली. सयाजीरावांच्या थोरवीला यानं बट्टा लागतो असं नाही, पण थोरवी सांगताना ही बाजू गाळली तर चरित्राचं स्तोत्र होतं.

१९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी बादशहाला एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले, ही गोष्ट लोकांना जास्त आठवते. इंग्रजांनी तिचा फार बाऊ केला, आपण फार जल्लोष. त्याच वर्षी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं आणि बडोद्याचा दाखला समोर होताच. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. मला हा प्रसंग दरबारातल्या त्या पाठमोऱ्या चालीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

त्याचा अर्थ असा, की अमरेलीच्या शेतकऱ्याचं पोर शाळेत गेलं नाही तर बापाला दंड होत होता, आणि ज्या गावचा मुलगा हा दंड लावत होता त्या कवळाण्यात सक्ती नव्हती. कवळाणं मुंबई इलाख्यात. १९१८ चा मुंबईचा सक्तीचा कायदा निघाला तो नगरपालिकांपुरता, खेड्याला त्याचा उपयोग नाही. पुढं लोकल बोर्डांना मुभा मिळाली, पण मुभा आणि अंमल यांत पैशाचं अंतर असतं. सबंध प्रांताचा पक्का कायदा १९४७ चा. १ मे १९४९ ला बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा कुठं सोनगड आणि नवापूर, अमरेली आणि कवळाणं एका कायद्याखाली आले. अकरा वर्षं पुरी होतात तोच १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले, आणि नवी हद्द नवापूरच्या रेल्वे फलाटावरूनच गेली. अर्धा फलाट इकडं, अर्धा तिकडं.

विलीनीकरणाच्या वेळी ठरलेले संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. बडोद्याचा तनखा वर्षाला साडेसव्वीस लाखांचा होता, तोही गेला. आणि इकडं, एकेकाळी खान्देशच्या पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली असलेल्या डांगात, होळीच्या आधी आहव्याला आजही दरबार भरतो. गाढवी, पिंपरी, वासुर्णा, दहेर, लिंगा इथल्या पाच भिल्ल राजांची मिरवणूक निघते आणि त्यांना सालियाना, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम, दिला जातो. रक्कम मोठी नाही, त्यात बडोद्याच्या राजवाड्याचा एक दिवसाचा खर्चही निघाला नसता. पण ती चालू आहे, कारण ती विलीनीकरणाच्या वेळी ठरलेल्या तनख्यांतली नाही. १८४२ च्या सुमाराला इंग्रजांनी या राजांकडून डांगचं जंगल पट्ट्यानं घेतलं, सागवान तोडायला. त्याच्या मोबदल्यातून आलेला हा पैसा आहे, त्यामुळं तनखाबंदीची घटनादुरुस्ती त्याला लागली नाही.